गवताला भोकं पाडायची नोकरी

मंगळवार, ६ मे

भोकं पाडायचं मशीन आज मेलं!

एकदम नाही मेलं. आधी खोकलं, मग शिंकलं, आणि तिसऱ्या ग्रीनच्या मधोमध जे बसलं ते बसलंच — रुसलेल्या जावयासारखं. मेकॅनिकने पोटात हात घालून एक दातेरी चाक बाहेर काढलं. निम्मे दात पडलेले. "अगदी माझं तोंड!" मी म्हटलं. मेकॅनिक हसला. नात हसली नाही. ती हसली नाही म्हणजे प्रकरण साधं नाही.

नवं चाक यायला महिना लागणार. महिना आणायचा कुठून? चोवीस तारखेला मोठी मॅच. बाहेरचा क्लब येणार, आमच्या अध्यक्षांची आणि त्यांची जुनी खुन्नस. आणि नात अजून इथे पक्की नाही! एवढ्या मोठ्या गोल्फच्या मैदानाची हेड माळीण, गवताचं शिक्षण घेतलेली — हो, गवताचंही कॉलेज असतं — पण कमिटीने तिला 'बघू' वर ठेवलंय. उन्हाळा कसा निभावते, मॅचला मैदान कसं दिसतं, त्यावर ठरणार. ठेवलं तर ठेवलं. नाही तर तिची नोकरी गेली, नोकरीबरोबर मैदानाच्या कडेचं हे दोन खोल्यांचं क्वार्टर गेलं, आणि मी परत लेकाच्या सहाव्या मजल्यावर, विहीणबाईंच्या खोलीत. विहीणबाई म्हणजे सुनेची आई. बाई मनाने चांगल्या. पण अशा घोरतात की लिफ्ट खोलीतूनच वर-खाली जातेय असं वाटावं.

तेव्हा त्या चाकाचे दात पडले ते नुसते चाकाचे नाहीत.

बुधवार, ७ मे

आज नातीने मला मुळं दाखवली.

झेंड्याच्या भोवती जे मखमली गवत असतं ना, जिथे चेंडू शेवटी भोकात ढकलायचा, त्याला ग्रीन म्हणतात. वरून बघावं तर दृष्ट लागेल. तिने एक गोल पातं मातीत दाबलं, फिरवलं, आणि पेल्याएवढा मातीचा गोळा उपसून माझ्या हातात ठेवला. "मोज, आजी." मी बोट लावलं. मुळं माझ्या बोटाच्या अर्ध्या पेराएवढी! वर राजाचा थाट आणि खाली काही नाही — आमच्या चुलत दिरासारखं.

"माती दडपून गेलीय," ती म्हणाली. "माणसं तुडवतात, ऊन तापवतं, आत हवा राहत नाही. मुळं गुदमरतात आणि वर वर येतात. अशात आठवडाभर कडक ऊन पडलं की सगळं झोपलं समज."

म्हणून भोकं पाडायची. बारीक, जवळजवळ, खोल. त्यातून हवा जाते, पाणी जातं, आणि मुळं खाली धावतात. गवतालाही श्वास लागतो! मी जन्मभर गवतावर बसून शेंगा सोलल्या, एकदाही त्याची चौकशी केली नाही.

मशीन नाही तर हाताने करू, असं तिने ठरवलंय. चार दातांचे, लांब दांड्याचे काटे गोदामात पडलेत. प्रश्न माणसांचा. या उन्हात गवतात काटे खुपसायला कोण येतंय! जो येतो तो काटा बघतो, आभाळाकडे बघतो, आणि त्याला घरचं काही तरी आठवतं.

"मी आहे की," मी म्हटलं.

नात हसली. मशीन मेल्यापासून पहिल्यांदा.

गुरुवार, ८ मे

मला नोकरी लागली!!

मुलाखतसुद्धा झाली. क्लबचे सेक्रेटरी — मी त्यांना मनातल्या मनात इस्त्री म्हणते. पँटची घडी अशी की हात लावला तर बोट कापेल.

"आजी, तुमचं वय?"

"तुमच्या आईला विचारा, तिच्या आगेमागेच असेन."

"अनुभव?"

"एक नवरा, एक सासू, तीन पोरं. सगळी सरळ केली. गवत तर आधीच सरळ उभं आहे."

"शिक्षण?"

"अक्षराला कधी बोट लावलं नाही. अक्षरांनीही मला कधी त्रास दिला नाही."

इस्त्रींनी नातीकडे बघितलं. नात छताकडे बघत होती, ओठ आवळून. मग म्हणाली, "सर, दुसरं कुणी येत असेल तर सांगा. मी त्यांना घेते." दुसरं कुणी नव्हतंच. इस्त्री म्हणाले, "ठीक आहे. पण एकदा अंगठा उमटवला की तुम्ही क्लबच्या नोकर. नियम सगळ्यांना सारखे. नातीची आजी म्हणून सवलत नाही."

नोकर! जन्मभर फुकट राबले तेव्हा कुणी हा शब्द दिला नाही. आता मिळाला तर जिभेवर कसा विरघळतोय. मी अंगठा असा दाबला की कागदाच्या पाठीवरही उमटला असेल.

गळ्यात घालायला बिल्ला दिलाय, फोटोसकट. फोटोत मी दात दाखवतेय, आहेत तेवढे. खाली काय लिहिलंय म्हणून नातीला विचारलं. "तात्पुरती," ती म्हणाली.

तात्पुरती! या वयात कायमचं कोण असतं गं?

शुक्रवार, ९ मे

पहिला दिवस. काय सांगू!

नातीने अंधारातच उठवलं. चहा कपात नाही, थेट हातात दिला म्हणायचा, कारण माझे डोळे उघडेच नव्हते. बाहेर पडलो तर सगळं मैदान दवाने भिजलेलं, आणि आमच्या पावलांची एक लांब काळी ओळ मागे मागे येत होती. असं वाटलं, गडबड न करता चालावं. मग वाटलं, नको, गडबड करावी! चप्पल हातात घेतली आणि निघाले अनवाणी. नात म्हणते, "आजी, पडशील." पडले असते तरी मऊच पडले असते.

काम असं. ग्रीनवर एक फळी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, म्हणजे आपल्या टाचांनी माती आणखी दडपत नाही. काटा सरळ खुपसायचा. सरळ वर काढायचा. चार बोटं सरकायचं. परत खुपसायचा. "हलवायचा नाही," नात दहादा म्हणाली. "मागे-पुढे रेटायचा नाही. सरळ आत, सरळ बाहेर."

मी भोक बघितलं. मुंगीलाही आत जाताना पोट आत ओढावं लागेल एवढं.

"एवढंसं? याने काय हवा जाणार? पाडायचंच तर जरा नाकपुडीएवढं तरी पाड!"

"उन्हाळ्यात एवढंच, आजी. मोठं पाडलं तर उलट वाळतं."

बरं बाई. कॉलेजात गेलेली ती, बिल्लावाली मी.

बरोबर मौनी असते. गवत कापायच्या गाडीवर बसते ती. नाव काही तरी वेगळं आहे, पण दिवसाला चार शब्द बोलते, तेही गाडीशी. आज मी तिला नवरा, सासू, पोरं, दात, विहीणबाई, सगळं ऐकवलं. शेवटी ती "हं" म्हणाली. मला फार बरं वाटलं.

ऊन वर आलं तसे खेळणारे आले. एक चौकड्यांच्या टोपीवाले थांबले. "आजी, काही हरवलं का?"

"हो, तुमचा चेंडू शोधतेय."

गंमत बघा. ही माणसं एवढी मोठी पिशवी घेऊन, एवढ्या काठ्या घेऊन, दिवसभर अठरा भोकांच्या मागे धावतात आणि घरी जाऊन दमलो म्हणतात. आम्ही दोघी न्याहारीच्या आत हजार पाडतो!

शेवटी नातीने बारीक फवारा सोडला, ब्रशने थोडी वाळू पसरली. भोकं पाणी प्यायली. खरंच — कान लावला तर घटघट ऐकू येईल असं वाटत होतं. मी लावला. नाही आलं. नातीने मला गवतात कान लावून आडवं पडलेलं बघितलं आणि धावत आली, तिला वाटलं आजी गेली!

शनिवार, १० मे

अंगाचा खुळखुळा झालाय. बसताना आई गं, उठताना अगं आई गं. नातीसमोर मात्र ताठ. मज्जा येतेय!

रविवार, ११ मे

विहीणबाईंचा फोन.

"ऐकलं ते खरं का हो? या वयात मजुरी?"

"मजुरी नाही, नोकरी. बिल्ला आहे."

"उन्हाने काळ्या पडाल."

"गोरी होते कधी?"

मग अगदी हळू, "मधे चहा देतात का हो?"

जळतायत! फोनमधून धूर आला असता तर खोकले असते मी.

मंगळवार, १३ मे

हे सगळं मी कुणाला सांगतेय, तर या काचेच्या पानाला. नातीने तिचा जुना फोन मला दिलाय. बटण दाबायचं आणि बोलायचं, तो लिहून ठेवतो, तारीखही आपली आपण घालतो. काय लिहितो ते त्याचं त्याला माहीत. मला वाचता येत नाही, नातीला वाचायची बंदी आहे, म्हणजे बिचारं पान लिहून लिहून थकतं आणि वाचणारं कुणी नाही. ऐक रे बाबा. तुझ्याइतकं गपचूप ऐकणारा माणूस मला लग्नाआधी भेटला नाही. नंतरही नाही.

तर ऐक. नातीने आज तिसऱ्या ग्रीनमधून गोळा उपसला. मशीन मरायच्या आधी जेवढं झालं होतं तिथला. मी बोट लावलं. पाऊण पेर! आणि टोकं पांढरी, तुकतुकीत, बाळाच्या दातासारखी. "पांढरी म्हणजे जिवंत," नात म्हणाली. तिने तो गोळा परत जागेवर असा बसवला जसं कुणी झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतं.

दोघींनी चहा घेतला. साखर जास्त घातली. सण असल्यासारखी!

गुरुवार, १५ मे

आज अध्यक्ष आले. आधी पोट आलं, मग ते.

दहाव्या ग्रीनवर आम्ही काटे खुपसत होतो. ते कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "ही काय चाळणी करून ठेवलीय माझ्या ग्रीनची?"

नात पुढे झाली. शांतपणे सांगितलं — माती, मुळं, हवा, ऊन. "मॅचपर्यंत भरून येईल सर. चेंडू सरळ जाईल."

"आणि नाही गेला तर?"

"तर मला विचारा."

"विचारणार नाही," ते म्हणाले. "काढणार."

आणि गेले. आधी ते, मग पोट. वळायला वेळ लागतो त्याला.

नातीच्या ओठांवर रंग नव्हता. मी म्हटलं, "अगं, त्यांना वाकून स्वतःच्या बुटाची नाडी दिसत नाही, तुझी भोकं कशी दिसली?" ती एवढी हसली की फळीवरून घसरली. मौनीसुद्धा हसली. तिला दात आहेत, सगळे!

पण मी जीभ चावून उभी होते ते मलाच माहीत. नोकर ना मी आता. नोकराने साहेबाशी बोलायचं नसतं, हा या नोकरीतला एवढाच तोटा.

शनिवार, १७ मे

झालं! शेवटचं, अठरावं ग्रीनही झालं. क्लबच्या गच्चीसमोरचं. तिथेच मॅच संपते, तिथेच सगळे खुर्च्या टाकून बसतात.

आणि ऐक, तुलाच सांगते. पाण्याचा पंप बंद पडला म्हणून नात पळाली. मौनी त्या टोकाला. झेंड्याजवळचा तुकडा माझ्या एकटीच्या हातात आला. मी त्या मुंगीच्या भोकांकडे बघितलं आणि माझा जीव तुटला. अरे, सगळ्यांत जास्त तुडवलेली जागा ही! बिचाऱ्यांचा श्वास इथेच सगळ्यांत जास्त कोंडला असणार. माझ्या ताटावरून आजवर कुणी अर्धपोटी उठलं नाही. पाहुणा 'नको' म्हणाला तरी मी आणखी एक डाव वाढते, आणि तो 'पुरे' म्हणाला की वर आणखी अर्धा. मग गवतालाच काय म्हणून मोजूनमापून?

तेव्हा मी काटा खुपसला की जरा मागे रेटला. मग जरा पुढे रेटला. भोक कसं ऐसपैस झालं! घ्या म्हटलं, घ्या पोटभर हवा! चादरीएवढा तुकडा असा केला. वरून वाळू ओढून सारखं केलं, कुणाच्या बापाला कळायचं नाही.

नातीला सांगितलं नाही. चांगलं काम गुपचूप करावं.

रविवार, १८ मे

सुट्टी. करमेना! पहाटे आपोआप जाग आली. नातीबरोबर उगाच एक चक्कर मारून आले. बिल्ला घालून.

मंगळवार, २० मे

माती खाल्ली मी.

सकाळी नात अठराव्यावर पालथी पडलेली दिसली, गाल गवताला लावून. मला वाटलं, चला, हिलाही घटघट ऐकायचंय. जवळ गेले. ती डोळा जमिनीला लावून बघत होती. झेंड्याजवळ माती फुगून वर आली होती. पालथी बशी ठेवावी तसा उंचवटा, आणि कडेने गवत करपट.

"इथे कोण होतं?"

मी तोंड उघडायच्या आत मौनी म्हणाली, "आजी."

दिवसाचा तिचा पहिला शब्द! तो असा खर्च केला!

नात उठून बसली. "आजी, मी काय सांगितलं होतं?"

"सरळ आत, सरळ बाहेर."

"मग?"

"मला वाटलं... जरा जास्त हवा."

काटा मागे-पुढे रेटला की खाली मुळं तुटतात म्हणे, आणि वर माती उचलली जाते. म्हणजे मी घास भरवायला गेले आणि घशात चमचा अडकवला. नात माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. "पोटभर हवा!" म्हणत पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली, आणि गवताचं एक पातं उपटून ते चावत बसली.

रोलर फिरवला. निम्मा उंचवटा बसला, निम्मा माझ्यासारखाच हट्टी. नवं गवत कापून बसवावं तर ते चार दिवसांत धरत नाही. झेंडा तरी दुसरीकडे न्यावा म्हणून ती इस्त्रींकडे गेली. पण मॅचच्या दिवशी अठराव्याचा झेंडा कुठे लावायचा ते कमिटी ठरवते, आणि तिने कधीच ठरवलंय — मधोमध, गच्चीवरून नीट दिसावा म्हणून.

संध्याकाळी तिच्या पानात मी फार वाढलं नाही. तीच म्हणाली, "आजी, आणखी वाढ की." शहाणी आहे.

गुरुवार, २२ मे

आठव्या ग्रीनची मुळं — दीड पेर!!! नातीने मला उचलून गरगर फिरवलं. ग्रीनवरच. "खाली ठेव गं, टाचांनी माती दडपेल," मी ओरडतेय आणि मौनी टाळ्या वाजवतेय. बाकी उंचवट्याबद्दल आज कुणी अक्षर काढलं नाही.

शनिवार, २४ मे

मॅच. बस रे पाना, सांगते.

ऊन असं की चेंडूलाही टोपी घालावी. पण मैदान! सतरा ग्रीन एकाहून एक. बाहेरच्या क्लबचे पाहुणे वाकून वाकून गवताला हात लावत होते. एक म्हणाला, "आमच्याकडे तर सगळं करपलं. तुम्ही काय करता?" नात म्हणाली, "भोकं पाडतो." त्याला वाटलं चेष्टा करतेय.

आम्ही दोघी शेवटच्या ग्रीनच्या कडेला उभ्या. गच्ची माणसांनी भरलेली. अध्यक्ष आणि पाहुण्यांचा म्होरक्या बरोबरीत. शेवटचा टोला अध्यक्षांचा. चेंडू भोकापासून दोन पावलांवर! मी डोळे मिटून ढकलला असता तरी गेला असता. नातीने माझा हात धरला.

अध्यक्ष वाकले, म्हणजे जमेल तेवढे वाकले. काठी लावली. चेंडू निघाला. सरळ. अगदी सरळ. आणि भोकाच्या तोंडाशी आला आणि — टुण! बेडकासारखा उडाला, डावीकडे वळला, आणि भोकाला वळसा घालून पुढे निघून गेला, ओळखीचं माणूस दिसल्यावर तोंड चुकवून जावं तसा.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? इथे अंगण खरंच वाकडं होतं! आणि मीच केलं होतं!

आणि मला हसू फुटलं. काय करू! ती शांतता, ते पोट, तो बेडूक. पदराआड लपवायचं म्हटलं तर डोक्यावर टोपी आणि हातात काटा. मी मोठ्यांदा हसले. अख्ख्या गच्चीला ऐकू गेलं. अध्यक्षांनी वळून बघितलं — या वेळी पोट आणि ते एकदम वळले.

"कुणी केलं हे?"

मी तोंड उघडलं. नातीने पायावर पाय दिला, चांगला दाबून. "चूक माझी आहे, सर. ग्रीनची जबाबदारी माझी."

"मंगळवारी कमिटी आहे," ते म्हणाले. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

रविवार, २५ मे

"मला का बोलू दिलं नाहीस?"

"कारण खरं तेच आहे, आजी. माझ्या हाताखालच्या माणसाने केलं म्हणजे मीच केलं."

"मग मुळं दाखव की त्यांना! दीड पेर!"

"काल संध्याकाळीच घेऊन गेले होते. गोळा टेबलावर ठेवला. अध्यक्ष म्हणाले, 'मी मुळांवर खेळत नाही.'"

मी हसले. ती पण हसली. मग ती उठली आणि पुस्तकं खोक्यात भरायला लागली. एक एक पुसून. मी म्हटलं, "अजून मंगळवार यायचाय." "हो," ती म्हणाली, आणि भरत राहिली. पुस्तकांमध्ये सगळी चित्रं गवताची. किती प्रकारचं गवत असतं! मी एक एक हातात देत गेले आणि चित्रं बघत गेले. एवढं हौसेने शिकली, आणि आजीच्या सैल हाताने घालवलं.

तरी पहाटे गेलोच होतो आम्ही. पाणी सोडायला रविवार नसतो. उंचवट्याचा तुकडा तिने गोल कापून काढला, बाजूच्या वाफ्यातलं ताजं गवत बसवलं, आणि मला त्यावर फळी टाकून उभं केलं. "दाब," म्हणाली. "आता तुझं वजन कामाचं." असं कुणी माझ्या वजनाचं कौतुक आजवर केलं नव्हतं.

सोमवार, २६ मे

इस्त्रींकडे जाऊन आले. नातीला न सांगता.

वाटलं होतं तेवढा कडक माणूस नाही. बसा म्हणाले, पाणी दिलं. "आजी, पोरीचं काम चोख आहे. कमिटीत सगळ्यांना कळतं. पण अध्यक्ष चारचौघांत हरले, आणि वर कुणी तरी हसलं." एवढं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणजे नियमात बसेल एवढं सौजन्य. "आता कुणी तरी गेल्याशिवाय त्यांचा पारा उतरायचा नाही."

मी आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या, इथल्या नियमांच्या. त्यांनी नीट सांगितल्या. मग चष्मा काढून पुसत बसले. किती पुसावा माणसाने!

येताना गुणगुणत आले. नात म्हणाली, "कुठे गेली होतीस?" "हवा खायला." उद्या चांगले कपडे घालणार आहे. केसही धुतले. मौनीला सांगितलं, उद्या सकाळी मला जरा गाडीवर बसवून एक फेरी मार. ती म्हणाली, "चालेल, आजी. या." तीन शब्द! माझ्यासाठी!

मंगळवार, २७ मे

आज मला कामावरून काढलं!

कमिटीसमोर, उभं करून. सुचवलं मीच. अध्यक्षांना कुणी तरी गेलेलं हवं होतं आणि मी रीतसर नोकर होतेच — उंचवटा माझा, हसले मी, तर जाणारही मीच. अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली. बरं वाटलं त्यांना. नात कायम!

काढलेल्या नोकराला आवारात राहता येत नाही. हा नियम इस्त्रींनी मला कालच सांगितला होता. नातीला आज कळला.

लेक उद्या दुपारी न्यायला येतोय. पहाटे ती पाणी सोडायला निघेल तेव्हा मी झोपेचं सोंग घेणार आहे. मला ते कधी जमलेलं नाही. बघू.